नातवंडांच्या ताब्याचे दावे : एरंडोल तालुक्यातील दोन्ही घरच्या आजा-आज्यांस जाहीर आवाहन



आपले हे एरंडोल म्हणजे महाभारतातील एकचक्रा नगरी, अशी आपल्याकडे पूर्वापार श्रद्धा आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु बकासुराची जी कथा आपण मुलांना सांगतो, तिच्यातला एक प्रसंग भीमाच्या गाडाभर अन्नाकडे धावण्याच्या घाईत बहुधा गाळला जातो. ज्या ब्राह्मणाच्या घरी कुंती आपल्या पुत्रांसह उतरली होती, त्या घरावर राक्षसाची पाळी आली तेव्हा बाप म्हणे मी जातो, आई म्हणे मी जाते, मुलगी म्हणे मला पाठवा. आणि ज्याला अजून धड बोलताही येत नव्हते असा धाकटा मुलगा हाती गवताची काडी घेऊन, हिनेच मी त्या राक्षसाला मारतो, असे बोबड्या शब्दांत सांगत एकेकापुढे नाचू लागला. त्या घरातला वाद स्वतःला देऊन टाकण्याचा होता. आज मुलाच्या ताब्यासाठी न्यायालयात जे वाद उभे राहतात ते घेण्याचे असतात. काडी हाती धरलेले पोर मात्र तेव्हाही मध्ये होते आणि आजही मध्येच आहे.

हे दावे उत्पन्न कसे होतात हे आपणांपैकी कोणाला ठाऊक नाही? घरातली तरणी सून बाळंतपणात, आजाराने किंवा संशयास्पद रीतीने जाते, अथवा कर्ता मुलगा महामार्गावरच्या अपघातात सापडतो. तेराव्याच्या पंगतीची पाने उचलली जातात न जातात तोच, मूल कोणाकडे राहील हा प्रश्न ओसरीवर येऊन बसतो. आणि पुढे विम्याची रक्कम, अपघाताच्या नुकसानभरपाईतून मुलाच्या नावे ठेवलेली ठेव, सातबाऱ्यावर चढणारे वारसाचे नाव, यांची वार्ता जसजशी भावकीत पसरते तसतसा त्या प्रश्नाला वेगळाच रंग चढतो. नातवंड म्हणजे दुधावरची साय, असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. पण दूध आटल्यावर उरलेल्या सायीवर दोन घरांनी हात टाकला म्हणजे भांडे पालथे होते, हे मात्र कोणी सांगत नाही. सगळेच आजे-आज्या इस्टेटीवर डोळा ठेवून भांडतात असे म्हणणे घोर अन्यायाचे होईल. बहुतेकांच्या भांडणाच्या तळाशी गेलेल्या लेकराचा शोक असतो. मुलगी गेली, निदान तिचे मूल तरी डोळ्यांपुढे असावे, ही मोठ्या मायची इच्छा कोणत्या कायद्याने चुकीची ठरवावी?

तथापि कायद्याची भाषा वेगळी आहे, आणि ती वेळीच समजून न घेतल्यामुळे पुष्कळ अनर्थ होतात. पालक व पाल्य अधिनियम 1890 सालचा, म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळचा; तो आजही चालू आहे आणि सर्व धर्मांच्या लोकांस लागू आहे. हिंदूंपुरता त्याच्या जोडीस 1956 चा अज्ञानत्व व पालकत्वाचा अधिनियम आला. त्यानुसार नैसर्गिक पालक म्हणजे बाप व त्याच्यामागे आई; आजोबा-आजींचे नाव त्या यादीत नाही. त्यांनी नातवाला जन्मापासून वाढविले असले, तरी न्यायालयाकडून नेमणूक होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने ते केवळ सांभाळणारे असतात. सातबाऱ्यावर अज्ञानाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आपले नाव लागले की आपण पालक झालो, असा एक समज आपल्याकडे फार दृढ आहे. ती नोंद महसुली दप्तराच्या सोयीची असते. तिने मुलाचा ताबा मिळत नाही, आणि त्याची जमीन विकण्याचा अधिकार तर मुळीच मिळत नाही. तो खुद्द आईबापांसही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीखेरीज नाही. त्याचप्रमाणे विधवा सुनेने पुनर्विवाह केला म्हणजे तिचा पोरावरचा हक्क संपला, असे जे पारावर ठामपणे सांगितले जाते, त्यासही कायद्यात आधार नाही. पुनर्विवाहित आईने मुलास दुसऱ्या पतीचे आडनाव लावावे की नाही हा आंध्रातील वाद, जो मृत पित्याच्या आईबापांनीच उपस्थित केला होता, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै 2022 मध्ये न्यायालयाने आईच्याच बाजूने कौल दिला. हे वाचून ज्या आजोबांस राग येईल त्यांचा राग मी समजू शकतो. कुळाचे नाव ही साधी गोष्ट नव्हे. पण त्या पोराची आई जिवंत आहे, हीही साधी गोष्ट नव्हे.

मग आजा-आजीस न्याय मिळतच नाही काय? मिळतो, आणि तो कसा मिळतो हे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. आपल्याच विदर्भातील एका प्रकरणात मुलाला जन्म देताच आई वारली. मातामहांनी त्या अर्भकाला वाढविले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ताबा बापास दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या सप्टेंबरात तो निर्णय फिरवून, बारा वर्षांचा होईपर्यंत मुलगा आजोबांपाशी राहावा व बापाने त्यास भेटत राहावे, असे ठरविले. त्यापूर्वी 2008 मध्ये, आईच्या मृत्यूबद्दल बापावरच गुन्ह्याचा आरोप असताना, मुलाला आईच्या आईबापांकडे ठेवण्याचा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. बापाचा हक्क पाहायचा तर त्याचे चारित्र्य आणि मुलाची इच्छाही पाहिली पाहिजे, असे त्याने बजावले. उलटपक्षी 2019 मध्ये, आई कर्करोगाने वारल्यावर मावश्यांकडे असलेले तान्हे मूल बापास परत देण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने कायम केला, कारण तो बाप निर्दोष व समर्थ होता. आणि 2021 च्या साथीत एका महिन्याच्या अंतराने आई व बाप दोघेही गमावलेल्या अहमदाबादच्या मुलाचे प्रकरण तर अनेकांस आठवत असेल. सेहेचाळीस वर्षांची, अविवाहित, केंद्र सरकारच्या नोकरीतील मावशी एका बाजूस, आणि एकाहत्तर वर्षांचे आजोबा व त्रेसष्ट वर्षांची आजी दुसऱ्या बाजूस; गुजरात उच्च न्यायालयाने मावशीस पसंत केले; सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये, केवळ वय किंवा उत्पन्न पाहून आजी-आजोबांस नाकारता येणार नाही, असे म्हणून मुलगा त्यांच्या हवाली केला.

एकाच न्यायासनाचे हे चार निर्णय वरवर चार दिशांना जाताना दिसतात, आणि वकिलाच्या कचेरीत बसलेला पक्षकार त्यांतला आपल्या सोयीचा तेवढा हेरतो. परंतु चारही ठिकाणी न्यायाधीशांनी विचारलेला प्रश्न एकच होता : हे मूल आज कोणाच्या कुशीत निर्धास्त झोपते आणि उद्या कोणाकडे नीट वाढेल? मुलावर कोणाची वहिवाट आहे, हे तेथे कोणी विचारले नाही. म्हणून शाळेच्या फाटकावरून पोर उचलून रातोरात सुरतेस नेणाऱ्याने आपण बाजी मारली असे समजू नये. मूल नेहमी जेथे राहते तेथल्याच जिल्हा न्यायालयात, अथवा त्या जागी कौटुंबिक न्यायालय असेल तर तेथे, अर्ज चालतो. आणि न्यायालयाने नेमलेल्या पालकासदेखील पाल्याला त्या हद्दीबाहेर हलविण्यास परवानगी लागते.

मराठ्यांच्या इतिहासात आजी आणि नातवाचा जो सर्वांत गाजलेला बखेडा आहे, तो येथे आठवल्यावाचून राहवत नाही. महाराणी ताराबाईंनी रामराजास आपला नातू म्हणून पुढे आणले, शाहू महाराजांच्या पश्चात तो गादीवर बसला, आणि मनाजोगे चालेना तेव्हा 1750 च्या नोव्हेंबरात त्याच नातवाला त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले. पुढे तर हा आपला नातूच नव्हे, असेही म्हटले. औरंगजेबाशी झुंजलेल्या त्या कर्तबगार स्त्रीपुढे माझे मस्तक सदैव नम्र आहे. तरीपण ताबा आणि माया या दोन वस्तू निराळ्या आहेत, याचे याहून ढळढळीत उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आता जे मागावयाचे ते मागतो. ज्या घरावर असा प्रसंग आला असेल त्या घरच्या दोन्हीकडील वडीलधाऱ्यांनी, दावा रुजू करण्याआधी, आणि तो रुजू झाला असेल तर पुढच्या तारखेआधी, एकत्र बसून एक कागद करावा. त्या कागदात हक्काची भाषा नसावी, दिवसांची असावी : मूल कोणाकडे राहील, शाळा कोणती, आजारी पडले तर कोणास प्रथम कळवायचे, दुसऱ्या घरी ते कोणत्या सणास व सुटीत किती दिवस जाईल, नेण्या-आणण्याचे भाडे कोण सोसेल, त्याच्या नावची ठेव अठरा वर्षे पुरी होईपर्यंत कोणी मोडावयाची नाही. हा कागद न्यायालयापुढे ठेवून त्यावर हुकूम घ्यावा. नुसत्या स्टँपपेपरवर विसंबू नये, कारण मुलाचे हित न्यायालयाने स्वतः पाहिल्याखेरीज त्याला खरे बळ येत नाही. वकील परवडत नाही ही अडचण मानू नये : स्त्रियांस व बालकांस उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसाहाय्य मिळते, आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. ज्यांचे छत्र हरपले त्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, तिचीही चौकशी करावी.

मात्र जेथे सुनेच्या मृत्यूत घातपाताचा संशय असेल, किंवा मुलास मारहाण होत असेल, तेथे माझ्या या कागदाचा आग्रह कोणी धरू नये, आणि जातीच्या पंचांनी किंवा सोयऱ्यांनी तडजोडीचे घोंगडे त्यावर पांघरू नये. तेथे पोलीस, बालकल्याण समिती आणि 1098 हा क्रमांक हाच मार्ग.

शेजाऱ्यांना आणि गुरुजनांना एवढीच विनंती, की त्या पोराला बाजूस घेऊन ‘तुला कोण जास्त आवडते रे?’ हा प्रश्न विचारू नये. जाणत्या मुलाची इच्छा न्यायाधीश विचारात घेऊ शकतात, आणि तो प्रश्न योग्य रीतीने विचारण्याचे काम त्यांचे आहे. कुतूहलाने विचारणाऱ्या दहाजणांना दहा उत्तरे देऊन मूल लबाड होते, नाही तर मुके होते.

आखाजीला आपल्या खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात. जी लेक आता कधीच येणार नाही, तिच्या लेकराने त्या दिवशी आजोळच्या निंबाच्या झोक्यावर बसावे. कागद लिहावयास बसाल तेव्हा तारीख आधी तीच घाला.

आपला नम्र,
एक एरंडोलकर