तो चार आला कुठून?

'वाय स्क्वेअर इज इक्वल टू फोर ए एक्स.' सायन्सला गेलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, एवढं तरी घडाघडा सांगेल. पण त्यातला तो चार कुठून आला, असं विचारलंत की गाडी अडते.

माझा भाचा अकरावीत आहे. त्याच्या क्लासच्या नोट्समध्ये पॅराबोलाचा (शुद्ध मराठीत 'अन्वस्त', पण हा शब्द त्याने ऐकलेलाच नाही) एक तक्ता आहे. उजवीकडे उघडणारा, डावीकडे, वर आणि खाली. प्रत्येकाचं समीकरण, फोकस, डायरेक्ट्रिक्स, सगळं चौकटीत. व्याख्या वर एका ओळीत, आणि सिद्धता 'परीक्षेला येत नाही' म्हणून गाळलेली! सीईटीला दीड तासात पन्नास गणितं सोडवायची असतात हे मलाही कळतं, तक्त्याने वेळ वाचतो हेही खरं. पण तक्ता पाठ करून घेणं म्हणजे गणित शिकवणं नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण ती गाळलेली गोष्ट आहे केवढीशी? एक ठिपका घ्या, एक रेघ घ्या. दोघांपासून सारख्याच अंतरावर असलेले सगळे बिंदू म्हणजे पॅराबोला. बस्स. आता ठिपका (३, २) वर आणि रेघ य = −२ धरा. दोन्ही अंतरांचे वर्ग सारखे लिहायचे:

(क्ष − ३)² + (य − २)² = (य + २)²

दोन्हीकडचे य² आणि ४ उडाले. डावीकडचा −४य पलीकडे जाऊन तिथल्या ४य ला मिळाला, आणि उरलं (क्ष − ३)² = ८य. तो प्रसिद्ध चार असाच येतो. एका कंसातला उणे दोन, दुसऱ्यातला अधिक दोन, त्यांची ही बेरीज.

तक्त्याची खरी पंचाईत होते ती रेघ तिरकी झाली की. ठिपका (१, १) आणि रेघ क्ष + य = ० घ्या. चारही चौकटी गप्प! व्याख्या मात्र तशीच चालते. रेघेपासूनच्या अंतराचा वर्ग (क्ष + य)²/२, तो ठिपक्यापासूनच्या अंतराच्या वर्गाबरोबर मांडला की दोन-तीन ओळींत (क्ष − य)² = ४(क्ष + य − १) हातात येतं.

आणि हे फक्त कागदावरचं नाही हो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. डिशचं तोंड वर आहे असं समजा. सरळ खाली येणारी लहर डिशवर आपटून फोकसकडे वळते. व्याख्येप्रमाणे, आपटल्यापासून फोकसपर्यंतचं अंतर आणि न आपटता सरळ खाली डायरेक्ट्रिक्सपर्यंत गेली असती तर लागलं असतं ते अंतर, दोन्ही सारखीच. म्हणजे डिशच्या काठावर पडलेली लहर असो की मधोमध पडलेली, एकूण वाट तेवढीच आणि सगळ्या एकाच वेळी पोचतात. तक्त्यातली ती निरुपयोगी वाटणारी रेघ इथे हिशोब जुळवत असते. हे सांगायला क्लासमध्ये पाच मिनिटंही लागणार नाहीत.

गेल्या रविवारी भाच्याला एक कोरा कागद दिला. मधे ठिपका काढायचा, खालची कड ठिपक्यावर टेकेल अशी घडी घालायची, कड सरकवत पुन्हा पुन्हा. तीसेक घड्यांनंतर वळणदार रेषा आपोआप दिसायला लागते (करून बघाच). तो बराच वेळ कागद उलटसुलट करत बसला. मग म्हणाला, "मामा, ठिपका कडेवरच असला तर?"

मी काही बोललो नाही, पेन पुढे सरकवलं. त्याने ठिपका (०, ०) वर घेतला, रेघ य = ०, आणि लिहिलं: क्ष² + य² = य². मग दोन्हीकडचे य² खोडले आणि उरलेल्या क्ष² = ० कडे बघत म्हणाला, "ही तर सरळ उभी रेघ झाली!"