मुलांना जंगल दाखवा, खिसा सांभाळून



दिवाळीची सुट्टी जवळ आली की शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांत एकच चर्चा सुरू होते : मुलांना न्यायचे कुठे? वॉटर पार्कचे तिकीट परवडत नाही. मॉलमध्ये पाऊल टाकले की खेळण्यांचा हट्ट सुरू. शेवटी ठरते की पोरे घरीच बरी, आणि सुट्टी मोबाइलवर संपते. जंगलाचे नाव कोणी काढलेच तर उत्तर तयार असते, "एवढ्या लहान पोरांना जंगलात काय कळणार? आणि वाघ थोडाच दिसणार आहे!"

आमचा अनुभव असा की जंगल सगळ्यांत जास्त कळते ते तीन ते आठ वर्षांच्या मुलांना. त्यांना वाघ लागत नाही. मुंग्यांची रांग दिसली तरी ती उकिडवी बसून पंधरा मिनिटे पाहत राहतात. मोठी झाली, ट्यूशन सुरू झाली, की हे बसणे संपते. म्हणून पाचवी-सहावीची वाट न पाहता आताच न्यावे.

आपल्या राज्यातली राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली राखलेली आहेत आणि वनविभाग ती सांभाळतो. प्रवेशशुल्क माणशी पाहिले तर सिनेमाच्या तिकिटापेक्षा पुष्कळ कमी. खर्च वाढतो तो आपण वरून जोडलेल्या गोष्टींनी : भाड्याची गाडी, वाटेतला धाबा, चिप्सची पाकिटे, थंड पेये. त्या वगळल्या की सहल स्वस्त होते.

आधी प्रवासाचा हिशेब करू. एसटीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे. मार्च 2023पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्या वडीलधाऱ्यांना प्रवास मोफत, फक्त ओळखपत्र जवळ हवे. आता घरातली माणसे मोजा : अब्बा, अम्मी, आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि शहात्तर वर्षांची दादी. अब्बांचे पूर्ण, अम्मी आणि मुलीचे अर्धे-अर्धे. पाच माणसांचा प्रवास दोन पूर्ण तिकिटांत झाला! शिवाय स्वतःची गाडी नसल्याने उद्यानाच्या दारात वाहनाचे शुल्क द्यावे लागत नाही. दादीला घरी ठेवून जाण्याची तर गरजच नाही. ती दाराजवळच्या झाडाखाली बसली तरी तिचा दिवस आनंदात जातो.

ठिकाण जवळचे निवडावे. पनवेल, पेण भागातल्या कुटुंबांसाठी कर्नाळा पक्षी अभयारण्य उत्तम. मुंबई-गोवा महामार्गावर, पनवेलपासून साधारण बारा किलोमीटरवर त्याचे दार रस्त्यालगतच आहे. पेणकडे जाणारी एसटी तिथे थांबेल का, हे चढण्याआधी वाहकाला विचारून घ्यावे. वर अंगठ्यासारखा सुळका असलेला किल्ला आहे. त्याची चढण लहानग्यांसाठी नाही. खालच्या पायवाटेवर एक किलोमीटर जाऊन आलात तरी पुरे.

मुंबईकरांना बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. एवढ्या गर्दीच्या शहरात 100 चौरस किलोमीटरहून मोठे जंगल, आणि तेही लोकल स्टेशनपासून चालत जाण्याइतके जवळ! सोमवारी ते बंद असते. कान्हेरीची लेणी आत बरीच दूर आहेत, ती मुले मोठी झाल्यावर बघावीत. नाशिक, मालेगावच्या वाचकांनी हिवाळ्यात निफाड तालुक्यातले नांदूर मधमेश्वर पाहावे. रामसर यादीत गेलेले हे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र. दूरदेशींचे पक्षी थंडीत तिथे उतरतात. रायगड जिल्ह्यातल्या मुरूडजवळचे फणसाड तर आपल्या इतिहासाशी जोडलेले आहे. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे रान 1986मध्ये अभयारण्य झाले. जिथे बंदुका चालत, तिथे आज शेकरू फांदीवरून फांदीवर उड्या मारते.

वेळेचे गणित आपल्या घरांत आधीच बसलेले आहे. पक्षी सर्वांत जास्त बोलतात ते सकाळी. फजरची नमाज पढून निघालात तर उद्यान उघडते त्या सुमारास पोहोचता आणि जोहरपर्यंत परत फिरता. लहान मुलांना एवढा अर्धा दिवस भरपूर झाला. दुपारनंतर ती थकतात, रडतात, मग आइस्क्रीम आणि रिक्षा, आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात. परतायला उशीर झालाच तर प्रवेशद्वाराजवळच्या मोकळ्या जागेत नमाज अदा करावी. सारी जमीन या उम्मतसाठी मस्जिद केली आहे, हे हदीसमध्ये आलेच आहे. वुजूसाठी पाण्याची एक बाटली वेगळी ठेवावी.

आता जेवणाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. आपल्याकडे सहल म्हटली की बिर्याणीचे पातेले आलेच. त्यासाठी अम्मी पहाटे तीनला उठते, तिथे पोहोचून वाढत बसते, घरी येऊन भांडी घासते. मुलांनी जंगल पाहिले, अम्मीने काय पाहिले? फक्त जागा बदललेले स्वयंपाकघर! म्हणून आमचा आग्रह असा : चपाती, उकडलेली अंडी किंवा आदल्या रात्रीचे शामी कबाब, केळी, भाजलेले शेंगदाणे आणि पाणी. प्रत्येकाचा डबा वेगळा, पिशवी अब्बांच्या खांद्यावर. डबे दाराजवळच्या बसण्याच्या जागीच उघडावेत. आतल्या वाटेवर खाऊ दिसला की माकडे येतात, आणि त्यांना खायला घालणे हे त्यांच्याही अहिताचे. चिप्सची पाकिटे नेऊच नयेत. काही अभयारण्यांत आत नेलेल्या प्लास्टिकची दारात मोजणी होते. रिकामी कापडी पिशवी मुलाच्या हाती द्यावी आणि सांगावे, "बेटा, आपला कचरा आपणच परत न्यायचा." वाटेतली त्रास देणारी वस्तू बाजूला करणे हा सदका आहे, हे त्याला पुस्तकापेक्षा तिथे लवकर समजते.

मुलांना गुंतवायला पैसे लागत नाहीत. आम्ही एक खेळ सुचवतो. महाराष्ट्राची पाच मानचिन्हे मुलांकडून पाठ करून घ्या : प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, झाड आंबा, फूल ताम्हण आणि फुलपाखरू नीलवंत. मग जंगलात शोधायला सांगा. आंबा नक्की सापडेल. वड-उंबराला फळे असतील तर वर हरियाल बसलेला असू शकतो, पण पानांत मिसळून जाणारा रंग असल्याने डोळे फाडून बघावे लागते. ताम्हणाची जांभळी फुले उन्हाळ्यात येतात, म्हणजे पुन्हा यायला कारण मिळाले. जे सापडेल ते वहीत काढायचे. पेन्सिल आणि जुन्या वहीची कोरी पाने एवढाच खर्च.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी आणखी एक फायदा आहे. घरी जिला मैना म्हणतो ती मराठीत साळुंकी, कठफोडवा म्हणजे सुतार, आणि बुलबुल दोन्हींकडे बुलबुलच. वाटेत वनरक्षक भेटला तर मुलाला पुढे करा. "काका, हा कुठला पक्षी?" एवढे मराठी वाक्य त्याने स्वतः म्हटले की वर्गातला संकोच थोडा उतरतो. या वनरक्षकांना जंगल पाठ असते आणि लहान मुलाने विचारले तर ते मनापासून सांगतात.

संकोच मोठ्यांनाही असतो. बुरख्यातल्या कित्येक माता आम्हाला म्हणाल्या आहेत, "तिथे आपली माणसं कुठे असतात? लोक बघत राहतील." मोहल्ला, शाळा, नातलगांचे घर आणि लग्नाचा हॉल, यांपलीकडे आपल्या अनेक मुलांनी काही पाहिलेलेच नसते. अशा मुलाने मोठ्या झाडाखाली उभे राहून, "अम्मी, हे सगळं कोणाचं आहे?" असे विचारले तर उत्तर द्यायला अम्मी तिथे हवी. "अल्लाहचं आहे, बेटा, आणि सांभाळायला आपल्याला दिलेलं आहे." ही अमानत आपलीही आहे, हे लहानपणी ऐकलेले मूल मोठेपणी आपल्याच देशात पाहुण्यासारखे वागत नाही. लोकांनी दोन वेळा वळून पाहिले तर पाहू द्यावे. तिसऱ्यांदा गेलात की ती वाट तुमच्या ओळखीची होते.

या मातीत वाढलेले डॉ. सालिम अली यांचे उदाहरण मुलांना जरूर सांगा. 1896मध्ये मुंबईत जन्मलेले हे मूल लहानपणीच पोरके झाले. खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. एकदा एअरगनने टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा ठिपका दिसला. ही कुठली चिमणी? मामांनी प्रश्न झटकला नाही, भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथून भारतातल्या पक्ष्यांचा एक मोठा अभ्यासक घडला. मुलाचा प्रश्न ऐकून घेणारा एक मोठा माणूस, एवढे भांडवल कोणत्याही घराला परवडते.

जाण्याच्या आदल्या रात्री मुलांना सूरह नमलमधली गोष्ट सांगावी. हजरत सुलेमान (अ.स.) यांचे लष्कर येताना पाहून एक मुंगी बाकीच्या मुंग्यांना बिळात जायला सांगते, आणि ते ऐकून पैगंबर हसतात. त्याच सूरहमध्ये सबाच्या राणीची खबर आणणारा हुदहुद आहे. डोक्यावर तुरा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे असा हा पक्षी आपल्याकडेही मोकळ्या जमिनीवर चोच खुपसत फिरताना दिसतो. ही गोष्ट ऐकलेले मूल मुंग्यांच्या रांगेवर पाय देत नाही, आणि तुरा दिसला की "अब्बा, हुदहुद!" म्हणून ओरडते.

या महिन्यात एक रविवार ठरवा. आपल्या जिल्ह्यातले जवळचे अभयारण्य, त्याची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या, आणि रात्रीच डबे भरून ठेवा. शेजारचे एखादे मूल, ज्याला नेणारे कोणी नाही, तेही सोबत घ्या. त्याचे तिकीट अर्धेच लागते. अल्लाह आपल्या मुलांना पाहणारे डोळे आणि सांभाळणारे हात देवो. आमीन.