पिल्लाला फिट आली? आधी घरातल्या गोळ्या मोजा

शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर, लोटस कॉलनी, देवनार. या भागात ज्यांच्या घरी सध्या दोन-चार महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मग ते विकत आणलेलं असो की पोरांनी गल्लीतून उचलून आणलेलं.

पिल्लू अचानक आडवं पडतं, सायकल मारल्यासारखे पाय हलवतं, तोंडाला फेस येतो, जागीच लघवी होते. बघणारे म्हणतात, "फिटचा आजार आहे, आता जन्मभर राहणार." एवढ्या लहान पिल्लाच्या बाबतीत हे बहुतेक वेळा खरं नसतं. ज्याला आपण फेफरं म्हणतो, तो कारण न सापडणारा अपस्माराचा आजार कुत्र्यांमध्ये साधारण सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होतो. त्याआधी फिट आली तर तिच्यामागे काहीतरी कारण असतं. उपासमार, संसर्ग, डोक्याला मार, काही वेळा जन्मतः यकृताचा किंवा मेंदूचा दोष, नाहीतर विष. आपल्या भागात विषाचा संशय सगळ्यात आधी घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातही एक विष असं आहे, की त्याला कुणी विष म्हणणार नाही.

ते म्हणजे टीबीच्या गोळ्या. गोवंडी-मानखुर्दमध्ये टीबी किती घरांत आहे, हे इथल्या माणसाला सांगायला नको. 2017 पासून सरकारी उपचारात देशभर रोजच्या गोळ्या आल्या. साध्या टीबीचा कोर्स निदान सहा महिन्यांचा, आणि पेशंटबरोबर राहणाऱ्यांनाही प्रतिबंधक गोळ्या देतात. म्हणजे घरात महिनोन्‌महिने गोळ्यांची पाकिटं असतात. दहा बाय दहाच्या खोलीत ती ठेवायची कुठे? उशाखाली, टीव्हीमागे, खिडकीत, पिशवीत. आणि दात येणारं पिल्लू सापडेल ते चावतं.

या गोळ्यांमधलं आयसोनियाझिड हे औषध माणसाचा जीव वाचवतं, पण कुत्र्याला ते फार लवकर बाधतं. आपल्या शरीरात ते ज्या रीतीने निकामी होतं, ती सोय कुत्र्याच्या शरीरात नाही. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे 50 मिलिग्रॅमच्या आसपास पोटात गेलं तर जिवावर बेततं. प्रतिबंधक उपचाराच्या एका गोळीत 300 मिलिग्रॅम असतं. हिशेब करा: तीन किलोच्या पिल्लाला अर्धी गोळी पुरे. चार औषधं एकत्र असलेल्या गोळीत ते 75 मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन गोळ्यांत तेच. अर्ध्या तासात किंवा काही तासांत झटके सुरू होतात आणि थांबता थांबत नाहीत.

पण या विषाला उतारा आहे. आयसोनियाझिड शरीरातलं ब-6 जीवनसत्त्व निकामी करतं, आणि मेंदूला शांत ठेवणारं रसायन त्या जीवनसत्त्वाशिवाय तयार होत नाही. म्हणून फिटच्या नेहमीच्या इंजेक्शनांनी भागत नाही, ब-6 म्हणजे पायरिडॉक्सिन शिरेतून द्यावं लागतं. कुत्र्याच्या डॉक्टरांना तुमच्या घरात टीबीचा पेशंट आहे हे कसं कळणार? ते तुम्हीच सांगायचं. लाज वाटते म्हणून लोक हे लपवतात आणि पिल्लू जातं. "घरात टीबीच्या गोळ्या आहेत, पाकीट चावलेलं सापडलं, इतक्या कमी आहेत," एवढं बोललात की डॉक्टरांचं अर्धं काम झालं. चार औषधांच्या गोळीत रिफॅम्पिसिनही असतं, त्याने लघवी आणि उलटी केशरी-लालसर दिसू शकते. तसं काही दिसलं तर तेही सांगा. पेशंटसाठी दिलेली ब-6ची गोळी मात्र घरच्या घरी कोंबू नका. फिट आलेल्याच्या तोंडात घातलेलं श्वासनलिकेत जातं.

गोळ्या नसतील तर बाकीचं घर बघा. उंदरांसाठी टाकलेली काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाइड, पोटात गेली की विषारी वायू तयार होतो. पिल्लाच्या उलटीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर खिडक्या उघडा, कारण तो वायू माणसालाही बाधतो. देवघरातला कापूर, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, पिकांवरची कीटकनाशकं, शेळ्यामेंढ्यांच्या गोचिडांचं औषध अंदाजाने पिल्लाच्या अंगावर ओतणं, या सगळ्यांनी झटके येऊ शकतात. कचऱ्यातलं बुरशी आलेलं खाणंही त्यातलंच. बुरशीच्या काही जातींचं विष आधी थरथर आणि मग फिट आणतं. देवनारच्या डंपिंगच्या कडेने फिरणाऱ्या पिल्लांना असं खाणं मिळणं अवघड नाही.

भंगाराचा धंदा घरात असेल तर शिसंही लक्षात ठेवा. जुन्या बॅटऱ्या, सोल्डर, रंगाचे पोपडे चावणाऱ्या पिल्लाला आधी उलट्या, पोटदुखी आणि मग झटके येतात. आणि पिल्लाच्या रक्तात शिसं निघालं तर घरातल्या लहान मुलांचंही रक्त तपासून घ्या. जमिनीवर रांगणारं मूल आणि पिल्लू एकाच धुळीत खेळत असतात.

आता विषाखेरीजचं. फार लहान पिल्लाच्या रक्तातली साखर पटकन उतरते. जंत झालेत, जुलाब लागलेत, रात्रभर उपाशी आहे, की सकाळी लटपटून झटके येतात. 2017च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे, तरी महिन्याभराचं पिल्लू "दोन महिन्यांचं" म्हणून गळ्यात मारतात. अशा पिल्लाला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला द्या. झटका ओसरून पिल्लू गिळू लागलं की हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटाने चोळा, आणि तरीही डॉक्टरकडे न्या.

डिस्टेंपर हा लस न दिलेल्या पिल्लांचा जुना शत्रू. आधी ताप, नाकाडोळ्यांतून चिकट स्राव, खोकला, जुलाब. ते बरं झालंसं वाटतं आणि मग जबडा चावल्यासारखा हलू लागतो, एखादा पाय एकसारखा उडतो. विषाणूवर औषध नाही, बचाव फक्त लसीचा. सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. एक सुई मारली म्हणजे झालं, असं नाही.

रेबीजबद्दल कडकपणे सांगतो. त्याची लस तिसऱ्या महिन्यात मिळते, त्याआधीचं पिल्लू उघडं असतं. झटक्यांबरोबर आवाज बदलला, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, उगाच चावतंय, तर उघड्या हाताने शिवू नका. चावलं, ओरखडलं किंवा लाळ जखमेला लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी पालिकेच्या रुग्णालयात लस सुरू करा. पिल्लाचं पुढं काय होतं, याची वाट बघायची नाही.

प्रत्यक्ष फिट चालू असताना आपलं काम थोडंच असतं. कांदा फोडून नाकाला लावणं, चप्पल हुंगवणं, तोंडात चमचा घालणं, पाणी पाजणं, यातलं काही करू नका. आजूबाजूचं सामान सरकवा, गर्दी आणि टीव्ही बंद करा, घड्याळ बघा आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा. तुमच्या वर्णनापेक्षा तो व्हिडिओ डॉक्टरांना जास्त सांगतो. पाच मिनिटांवर झटका चालला, किंवा चोवीस तासांत दुसरा आला, तर थांबायचं नाही. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये अंग भाजत असेल तर साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि निघा. विष गेलंय म्हणून मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, जास्त मिठानेच झटके येतात. झोपेत पंजे हलवणं मात्र फिट नव्हे. हाक मारली की जागं होतं ना, मग काळजी नको.

जवळचा डॉक्टर आधी फोनवर गाठा. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय 1883 सालापासूनचं आणि तिथलंच पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886चं. पण रिक्षा सायनच्या पुढं जात नाही, टॅक्सीच करावी लागते. निघताना चावलेलं पाकीट, औषधाचा डबा, उलटीचा नमुना पिशवीत घ्या.

आजच गोळ्या झाकणाच्या डब्यात घालून डबा उंच टांगा. आणि पिल्लापायी पेशंटने स्वतःचा एकही डोस चुकवू नये. पिल्लाने गोळ्या खाल्ल्या असतील, तर त्याच दिवशी टीबी केंद्रावर जाऊन सांगा आणि नव्या मागून घ्या.