मालवणचा बेत

“यंदा दिवाळीच्या सुट्टीत मालवण!” मी घोषणा केली आणि आमच्या घरात गोलमेज परिषद भरली. चिरंजीवांना तारकर्लीच्या समुद्रात बुड्या मारायच्या होत्या. सौभाग्यवतींची अट एकच : चार दिवस स्वयंपाकघराचे तोंड पाहणार नाही. मी पडलो मास्तर! शिवछत्रपतींनी १६६४ साली सिंधुदुर्गाचे काम सुरू केले इथपासून भर समुद्रातल्या त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत इथपर्यंत व्याख्यान झोडले. कुडाळपर्यंत रेल्वेची तीन तिकिटे, पुढे एस.टी. हिशेब जमला. आईचे गुडघे दुखतात, तिला प्रवास झेपणार नाही, हे तिला न विचारताच ठरले होते.

वाती वळणारी आई एकाएकी माहेरच्या बोलीत म्हणाली, “दहीबावचा पाणी अजून गोड आसा काय रे?”

आम्ही सारे गप्प. लग्न होऊन ती बोटीने मुंबईस आली. माहेरचे घर विकल्यावर मालवणास पुन्हा गेली नाही.

आता तिकिटे चार आहेत. किल्ल्याच्या होडीत चढताना तिचा हात कोणी धरायचा, यावर परिषद पुन्हा भरली आहे!