डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय मैदानात उतरवू नये

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा क्रीडा परिषद, सिंधुदुर्गनगरी
(मा. जिल्हा क्रीडा अधिकारी यांच्यामार्फत)



आम्ही मालवण तालुक्यातील पालक, क्रीडाशिक्षक व माजी खेळाडू हे निवेदन सादर करीत आहोत.

कबड्डीच्या पकडीत गुडघा कानशिलावर बसतो, क्रिकेटमध्ये झेल घेताना दोघे एकमेकांवर आदळतात. तोंडावर पाणी मारतात, ‘काय होवचा नाय, ऊठ’ म्हणतात आणि मूल पुन्हा चढाईला जाते. शुद्ध हरपली नाही म्हणजे इजा नाही, असे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात मेंदूला हादरा बसलेल्या बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. सीटी स्कॅनही बहुधा निर्दोष येतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोंधळलेपण काही तासांनीही सुरू होते. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन किशोरवयीन खेळाडू दगावल्याची, विरळ का होईना, वैद्यकीय नोंद आहे.

मुले दुखणे लपवतात, त्याला कारण आहे. दहावी-बारावीचे वाढीव गुण सामन्यावर अवलंबून असतात. अशा वेळी खेळायचे की नाही हे मुलाला विचारणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय.

31 जानेवारी 2025 रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे इंग्लंडविरुद्धच्या क्रिकेट सामन्यात भारताच्या शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी हर्षित राणा खेळला. वाद झाला तो बदली खेळाडू कोण असावा यावर. दुबेला बाहेर बसवण्यावर नव्हे. डोक्याला मार लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू घेण्याची ही तरतूद आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये 1 ऑगस्ट 2019 पासून आहे. शालेय क्रिकेटमध्येही ती लागू करावी. कबड्डीत तर राखीव खेळाडू असतातच. तिथे अडचण नियमाची नाही, सवयीची आहे.

आमची मुख्य मागणी अशी: मेंदूला हादरा बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूला त्या दिवशी पुन्हा उतरवू नये, आणि त्याला बाहेर बसवण्याचा अधिकार पंचांना लेखी द्यावा. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, घरातल्या घरात हलकी हालचाल चालेल. मग शाळा, चालणे, धावणे, एकट्याने सराव. प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस. त्रास वाढला तर एक टप्पा मागे. पकडीचा सराव व सामना मात्र लक्षणे पूर्ण थांबल्यावर, डॉक्टरांच्या दाखल्यानंतरच. ब्रिटनने 2023 मध्ये हौशी खेळाडूंसाठी स्पर्धेत परतण्यापूर्वी किमान 21 दिवस थांबण्याची शिफारस केली; तीच अट येथे घ्यावी. या कारणाने बाहेर बसलेल्या मुलाचे वाढीव गुण बुडू नयेत, यासाठी शासनाकडे शिफारस करावी.

पंच व क्रीडाशिक्षकांना जिल्हा शल्य चिकित्सकांमार्फत प्रशिक्षण द्यावे. वारंवार उलटी, झटके, वाढती गुंगी दिसल्यास वाट न पाहता 108 रुग्णवाहिका बोलवावी, ही सूचना प्रत्येक मैदानावर मराठीत लावावी. गंभीर रुग्णाला इथून गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयापर्यंत न्यावे लागते. मैदानावर गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. गावोगावच्या अंडरआर्म क्रिकेट स्पर्धांनाही परवानगी देताना हीच दाखल्याची अट घालावी.

येत्या शालेय स्पर्धांच्या वेळापत्रकासोबतच या मागण्यांचे परिपत्रक काढावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
पालक, क्रीडाशिक्षक व माजी खेळाडू, मालवण तालुका

प्रत माहितीसाठी: मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मा. जिल्हा शल्य चिकित्सक, सिंधुदुर्ग