सहीच्या आधी वकील कुठे असतो?

वसई-विरारमध्ये रोज सह्या होतात. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत, मॉलमध्ये, खासगी शाळेच्या कार्यालयात, सिक्युरिटी एजन्सीच्या टेबलावर. कागद इंग्रजीत असतो, पाच-सात पानांचा. "इथे, इथे आणि शेवटच्या पानावर" एवढं ऐकायला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ तो वाचायला मिळतो. प्रत मागितली की उत्तर ठरलेलं: हेड ऑफिसवरून येईल. पुढे नोकरी जाते, दोन महिन्यांचा पगार अडकतो आणि तोच तरुण आमच्यासारख्या कार्यकर्त्यांकडे येतो. आम्ही विचारतो, कागद कुठे आहे? कागद मालकाकडे असतो.

आमचा सवाल थेट आहे. नोकरी गेल्यावर वकील शोधणारा आपला समाज सहीच्या आधी वकील का शोधत नाही? आणि त्याने शोधला तर तो त्याला मिळेल अशी व्यवस्था चळवळीने का उभी केलेली नाही?

"करार म्हणजे दोघांची मर्जी" असं सांगितलं जातं. हे धादांत खोटं आहे आणि बाबासाहेबांनी ते १९४७ सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये उघडं पाडलं. उपाशी बेकारासमोर नोकरी ठेवली, पण तिच्यात कामाचे तास ठरलेले नाहीत, युनियनला बंदी आहे, बोलण्याला बंदी आहे, तर तो काय निवडेल? पोटासाठी तो आपले मूलभूत हक्क सोडून देईल. सरकारने मधे पडायचं नाही म्हटलं, की मालकाची हुकूमशाही सुरू होते, हा त्या मांडणीचा गाभा आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असलेल्या माणसाने हे लिहिलं आहे. त्याच काळात, १९४६ साली, स्थायी आदेशांचा कायदा आला. नोकरीच्या अटी लेखी हव्यात आणि कामगाराला त्या माहीत हव्यात, हे त्याचं मर्म. आज त्याच बाबासाहेबांच्या जयंतीचा फलक लावणारा तरुण न वाचता सही करतो.

कागदावरच्या एका शब्दाने काय होतं, ते मुंबईच्या सफाई कामगारांना विचारा. त्यांत बहुसंख्य आपलीच माणसं. महापालिकेने कंत्राटदाराला 'स्वयंसेवी संस्था' ठरवलं, कामगाराला 'स्वयंसेवक' आणि मजुरीला 'मानधन'. शब्द बदलले आणि कामगार कायदाच गायब झाला! कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा कुठे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांच्या कायम नोकरीवर शिक्कामोर्तब झालं. आज नालासोपाऱ्यात मोटारसायकलवरून पार्सल पोहोचवणाऱ्या पोराला ॲप 'पार्टनर' म्हणतं. भागीदाराला नफ्यात वाटा असतो. या पार्टनरच्या वाट्याला पेट्रोलचा खर्च आणि अपघात येतो. तेव्हाचा 'स्वयंसेवक' आणि आजचा 'पार्टनर' एकाच घराण्यातले आहेत.

हा पालघर जिल्हा कागदाची गुलामी ओळखतो. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या दारात राबत, त्या 'लग्नगडी' प्रथेविरुद्ध १९४५ साली वारली उठले. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. तरी १९८०च्या दशकात याच वसई तालुक्यात श्रमजीवी संघटनेला वेठबिगार सोडवावे लागले. कायदा होता, पण तो वाचून दाखवणारा माणूस वेठबिगाराजवळ नव्हता. आज आपले तरुण पदवीधर आहेत, तरी मूळ प्रमाणपत्रं कंपनीच्या कपाटात आणि तारीख न घातलेला राजीनामा संस्थाचालकाच्या खणात असतो. अंगठ्याची सही झाली, एवढाच फरक.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ म्हणतं, कुणालाही त्याचा धंदा-रोजगार करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक आहे. म्हणजे "नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या कंपनीत जायचं नाही" ही अट बहुतेक वेळा केवळ धमकी असते. १९८६ साली ब्रोजो नाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी कंपनीचा, कारण न देता तीन महिन्यांच्या नोटिशीवर कायम कर्मचाऱ्याला काढण्याचा नियम रद्द केला. ताकद असमान असताना लादलेली अन्यायी अट न्यायालय मानणार नाही, असं ठणकावलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवणं ही कलम २३ खालची सक्तीची मजुरी आहे, हे १९८२च्या एशियाड खटल्यात ठरलं. सही केली तरी ती सक्तीच.

पण सगळं आपल्याच बाजूचं आहे, असं समजू नका. २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाख रुपयांचा बाँड वैध ठरवला. म्हणजे कोणता बाँड टिकेल आणि कोणता नाही, हे कट्ट्यावर ठरत नाही. तिथे वकीलच लागतो. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. पण ही सुरक्षा संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते. मग आठ-नऊ माणसांच्या गाळ्यातल्या पोराने काय करायचं? स्थायी आदेशांसाठीचा उंबरठा तर तीनशे कामगारांवर नेऊन ठेवला. जिथे कायदा हात काढून घेतो, तिथे करार हाच कामगाराचा कायदा उरतो. म्हणून तो आधी वाचला पाहिजे.

"मोफत वकील आहे की!" असं कुणी म्हणेल. खरं आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. १९९०च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही हा हक्क आहे. १५१०० ही हेल्पलाइन आहे. पण मेख बघा. कलम १२ची सुरुवातच 'खटला दाखल करायचा किंवा लढवायचा आहे' अशा व्यक्तीपासून होते. त्याच कायद्यातल्या विधी सेवेच्या व्याख्येत कायदेशीर सल्लाही आहे, पण तो सल्ला मागायला सहीआधी जातो कोण? आणि गेलाच तर करार वाचून देणारा वकील त्याला मिळतो का? आम्ही म्हणतो, वसईच्या तालुका विधी सेवा समितीकडे लेखी अर्ज करून करारावर सल्ला मागा. नकार आला तर तोही लेखी घ्या. पुढच्या लढाईचा तो पुरावा असेल.

सर्वांत मोठा आक्षेप वेगळा आहे: "वाचून काय उपयोग? अट बदला म्हटलं तर मालक दुसऱ्याला घेईल." एकट्यापुरतं हे खरं आहे, आम्ही नाकारत नाही. पण वाचणाऱ्याला तीन गोष्टी मिळतात. प्रत हातात राहते, कोणती धमकी पोकळ आहे ते कळतं आणि मूळ प्रमाणपत्र द्यायचं नाही एवढं तरी ठरवता येतं. शिवाय एकाच एजन्सीचे वीस करार एका टेबलावर आले की वीस जणांची एकच तक्रार दिसते. युनियनची सुरुवात तिथून होते.

म्हणून मागणी करायची ती आधी आपल्याकडे. प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ करार वाचनाची ठेवा. कायद्याचे विद्यार्थी मराठीत अर्थ सांगतील, पण सल्ला आणि मसुदा सनद असलेल्या वकिलानेच द्यावा, कारण ते काम कायद्याने त्याचंच आहे. आपल्यात वकील कमी नाहीत. जयंतीच्या व्यासपीठावर त्यांची रांग लागते, तिच्यातले चार जण महिन्यातून दोन तास देऊ शकत नाहीत का? डीजेच्या वर्गणीतला वाटा इकडे वळवता येणार नाही का?

आणि शेवटचं, जे अनेकांना झोंबेल. आपल्यातलेही काही आता कंत्राटदार आहेत, शाळा-वसतिगृहं-पतसंस्था चालवतात. निळा झेंडा लावलेल्या कार्यालयात शिपायाला, शिक्षिकेला, सफाई करणाऱ्या ताईंना नियुक्तिपत्र मिळतं का? मराठीत मिळतं का? मिळत नसेल तर बाबासाहेबांचं नाव घेऊन मालकशाहीविरुद्ध बोलण्याचा अधिकार त्या कार्यालयाला उरत नाही. वकिलाकडून न्याय्य करारनामा लिहून घ्या आणि पहिली प्रत कामगाराच्या हातात द्या. चळवळीची परीक्षा तिथे होईल.

जयभीम!