सजीव, निर्जीव आणि मधली रेघ

शालेय पुस्तकांत 'परिसर' या विषयाचा आरंभ बहुधा एका तक्त्याने होतो. डाव्या रकान्यात सजीव : झाडे, पशू, पक्षी, माणसे. उजव्या रकान्यात निर्जीव : हवा, पाणी, माती, दगड, सूर्यप्रकाश. मुले हा तक्ता दोन दिवसांत पाठ करतात आणि परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवितात. अध्यापनाच्या सोयीसाठी ही विभागणी आवश्यकच आहे. तिच्याशी आमचे भांडण नाही. परंतु इतकी वर्षे ती शिकविल्यानंतर आम्हांस असे वाटू लागले आहे की, या तक्त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन रकान्यांमधली ती उभी रेघ. निसर्गाचा सारा संसार त्या रेघेवरच चालतो, आणि पुस्तक तिच्याविषयी अक्षरही बोलत नाही.

इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांनी १९३५ साली एका लेखात 'इकोसिस्टिम' ही संज्ञा प्रथम वापरली. तिलाच आपण मराठीत 'परिसंस्था' म्हणतो. जीव आणि त्यांच्या भोवतालचे निर्जीव घटक यांचा वेगवेगळा विचार करून भागत नाही. दोहोंची मिळून एकच व्यवस्था होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. विद्वानांनी ते पुढे उचलून धरले. आमच्या गोमंतकातील शेतकऱ्यांनी मात्र हेच प्रमेय त्याच्या कितीतरी शतके आधी गुडघाभर चिखलात उभे राहून सिद्ध केले होते. त्या सिद्धतेचे नाव 'खाजन'.

इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या वाचकांना हा शब्द कदाचित नवा असेल. गोव्याचा शेतकरी जमिनीचे ढोबळमानाने तीन प्रकार मानतो : डोंगरउताराची 'मोरड', मधली रेताड 'केर' आणि नदीकाठची सखल, खारी 'खाजन'. मांडवी, झुवारी, शापोरा, साळ या नद्यांत समुद्राची भरती आतपर्यंत चढते. त्यांच्या काठची, एरवी भरतीच्या पाण्याखाली जाणारी खारफुटीची दलदल बांध घालून शेतीखाली आणली, ती खाजन जमीन. तिचे क्षेत्र आजही १७ ते १८ हजार हेक्टर सांगितले जाते. ही जमीन किती जुनी असावी? बांदोडे येथे मिळालेल्या अनिर्जितवर्मा या मौर्य राजाच्या ताम्रपटात 'खज्जन' भूमीचा उल्लेख येतो, आणि तो ताम्रपट सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. पोर्तुगीजांनी १५२६ साली गावकरी संस्थांचे रिवाज लिहून काढले, तेव्हा हे बांध कित्येक पिढ्यांचे झाले होते.

प्रथम निर्जीवांचा कारभार पाहू. चंद्रसूर्यांच्या ओढीने दिवसातून दोन वेळा भरती येते आणि दोन वेळा ओहोटी लागते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हा क्रम किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही ठाऊक असतो. उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक आमच्याकडे सुमारे दोन मीटर असतो. त्या पाण्याला अडविण्यासाठी चिकणमाती, गवताचा पेंढा आणि जांभा दगड यांचा बांध घालतात. बांधात ठरावीक ठिकाणी लाकडी दारांची मोरी असते. तिला 'मानस' म्हणतात. मानशीच्या दाराची योजना पाहावी आणि कौतुक करावे अशी आहे. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की दार आपोआप मिटते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतले पाणी त्याला ढकलून उघडते आणि नदीत निघून जाते. ना यंत्र, ना वीज. चंद्रच जणू हे दार लावतो आणि चंद्रच उघडतो.

मग पाऊस येतो. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. उन्हाळ्यात जमिनीत मुरलेले मीठ हे पाणी विरघळवून घेते आणि ओहोटीच्या वेळी मानशीतून बाहेर वाहून नेते. नदीही त्या दिवसांत गोडी होते. अशा रीतीने पाऊस, मीठ, माती आणि चंद्र या चार निर्जीवांनी भूमी सिद्ध केली, की रेघेच्या अलीकडची मंडळी कामाला लागतात.

त्यांत पहिला मान 'कोरगूट' या भाताचा. भात हे मिठाला नाजूक पीक. परंतु कोरगूट पिढ्यानपिढ्या खाजनातच वाढल्याने खारेपणा सोसतो आणि उंच असल्याने पाणी तुंबले तरी तग धरतो. ओल्ड गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने 'गोवा धान' नावाचे क्षारसहिष्णु वाण निवडले, ते याच कोरगुटातून. हे बियाणे म्हणजे मिठाने घडविलेला जीव होय. बांधाच्या बाहेर तिवर आणि कांदळ उभे असतात. तिवराच्या पानांवर मिठाचे कण जमलेले दिसतात. शोषलेले जादा मीठ तो पानांवाटे बाहेर टाकतो. कांदळाच्या मुळांचे जाळे गाळ धरून ठेवते, लाटांचा जोर मोडते आणि बांध राखते. आतल्या पाण्यात शेवटे, काळुंद्री, चणक, कोळंबी वाढतात. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासे धरण्याचा हक्क गावकरी संस्था लिलावाने देत असे, आणि त्या उत्पन्नाचा आधार बांधाच्या डागडुजीला होई. कापणीनंतर काही ठिकाणी खारे पाणी मुद्दाम आत घेत. त्याने तण मरते आणि मीठही पिकविता येते. भात, मासळी आणि मीठ ही तिन्ही एकाच जमिनीतून निघत. आमच्या घरातील उकड्या तांदळाची पेज आणि तोंडीलावणीचे खारे, दोन्ही एकाच बांधाच्या आश्रयाने ताटात येत होती.

आता चाणाक्ष वाचक विचारतील, की ही माती नक्की कोणत्या रकान्यात घालावयाची? खारफुटीच्या गाळात पाने कुजतात. प्राणवायूविना जगणारे सूक्ष्म जीव त्या कुजक्या पाल्यावर निर्वाह करीत, खाऱ्या पाण्यातील गंधक मातीतील लोहाशी जोडून त्याचे संयुग बनवितात. गाळ ओला आहे तोवर हे संयुग निपचित पडून असते. तोच गाळ फार खोलवर सुकला आणि त्यात हवा शिरली, तर त्यापासून गंधकाम्ल तयार होते आणि जमीन नापीक होते. म्हणजे जीवांनी घडविलेले निर्जीव द्रव्य पाणी आणि हवा यांच्या मर्जीनुसार पुढच्या जीवांना तारते अथवा मारते! आमच्या गावोगावी सातेरीची पूजा वारुळाच्या रूपाने होते. वारूळ मातीचे, पण रचले मुंगीएवढ्या जिवांनी. ते सजीव की निर्जीव, हा प्रश्न आमच्या पूर्वजांना पडला नाही. त्यांनी त्यापुढे हात जोडले.

एकाच घटकाचे गुणही स्थानाप्रमाणे पालटतात. खेकडा कांदळवनात बिळे करतो, तेव्हा गाळात हवा खेळते आणि झाडे पोसतात. तोच खेकडा बांधाला भोक पाडतो, तेव्हा उधाणाच्या एका रात्रीत त्या भोकाचे भगदाड होऊ शकते. म्हणून पूर्वी बांधावर नित्य राखण असे. भोक दिसले की त्याच दिवशी मूठभर चिखलाने ते बुजविले जाई. ही मूठभर चिखलाची तत्परता हाच आमच्या मते खाजनाचा प्राण. ती कोणत्याही तक्त्यात नाही.

आणि नेमकी तीच आज उणावली आहे. गावकरी संस्थांचे अधिकार ओसरले. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला न्याय मिळाला, ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. बांधांची देखभाल मात्र कुळांच्या संघटनांकडे आली आणि पुष्कळ ठिकाणी त्या संघटना केवळ कागदावर राहिल्या. खनिजवाहू बार्जेसच्या लाटांनी मांडवी-झुवारीचे बांध वर्षानुवर्षे खचत राहिले. शेतीपेक्षा मासळीत अधिक पैसा दिसू लागला, तेव्हा काही जागी भाताच्या हंगामातही मानशीची दारे उघडी राहिली. भरीस भर म्हणून समुद्राची पातळी वाढते आहे. १९०१ ते २०१८ या काळात ती जगभर सरासरीने सुमारे २० सेंटिमीटर चढली, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.

बांध फुटून दोन-तीन वर्षे तसाच राहिला की शेतात तिवर उगवतो. तिवर तोडणे कायद्याने निषिद्ध, आणि त्याला तसे कारणही आहे. २०११ च्या किनारी अधिसूचनेने खाजन जमिनी आणि त्यांच्या कडेची खारफुटी या दोहोंनाही संरक्षण दिले. परंतु खाजनात शिरलेला तिवर शेतकऱ्याला पुन्हा नांगर धरू देत नाही. येथे एक सजीव दुसऱ्या सजीवाच्या जागेवर आला आणि दोघेही निरपराध! तिवराला दोष देता येत नाही, भाताला देता येत नाही, भरतीला तर नाहीच. दोष न बुजविलेल्या त्या भोकाचा.

या ठिकाणी आम्ही वाचकांशी थोडे स्पष्ट बोलू इच्छितो. खाजनात ज्यांच्या नावाचा चतकोर तुकडा आहे, अशी कितीतरी कुटुंबे आज पणजी-मडगावात, बेळगावात, मुंबईत किंवा आखातात आहेत. 'एवढ्याशा शेतासाठी कोण जातो?' असे म्हणून ती शेत पडीक टाकतात. कोरडवाहू जमीन पडीक राहिली तर एकाचेच नुकसान होते. बांधाआडच्या जमिनीचे तसे नाही. एकाच्या हिश्शाचा बांध फुटला की शेजारच्या दहा जणांचे शेत खारट होते. येथे गैरहजेरी ही खासगी बाब उरत नाही. आपल्या नावाचा जमिनीचा उतारा किंवा कुळाचा कागद घरात असेल, तर संघटनेच्या वार्षिक सभेला घरातील एकाने तरी जावे, बांधाचा आपला वाटा वेळेवर भरावा, आणि स्वतः कसता येत नसेल तर गावातील कसणाऱ्याशी रीतसर बोलणी करावी. उधाणाच्या आधी बांधावरून एक फेरी मारण्यास पैसे पडत नाहीत.

ज्यांचा खाजनाशी संबंध नाही, त्यांच्याही गावाला एखादे तळे, ओढा किंवा विहीर असेल. तिथेही पाणी, गाळ, शेवाळ, बेडूक आणि माणूस यांचा असाच एकत्र संसार असतो, आणि तोही कोणाच्या तरी रोजच्या नजरेवर टिकून असतो. पंचमहाभूते आपापले काम कधीच चुकवीत नाहीत. भरती ठरल्या वेळी येते, ओहोटी ठरल्या वेळी लागते. सजीवांच्या रकान्यात शेवटी आपले नाव लिहिलेले आहे. वेळ पाळण्याचा प्रश्न उरतो तो तेवढ्या एका नावाचा.